शासकीय अतिरिक्त मालमत्तेची विक्री : न्यायालयीन निर्णय

शासन किंवा शासकीय निगम यांच्या वापरातून बाद झालेली यंत्रसामग्री, शिल्लक साठा, भंगार वा जमीन यांची लिलावाने अथवा निविदा मागवून केलेली विक्री. खाजगी मालक आपली वस्तू वाटेल त्याला, वाटेल त्या किंमतीस देऊ शकतो. शासनास अशी मुभा नाही. संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समतेचे तत्त्व त्याच्या विक्रीव्यवहारांसही बांधून ठेवते.

भारतीय मालविक्री अधिनियम, १९३० (कलम ६४) प्रमाणे हातोडा पडताच लिलावाची विक्री पूर्ण होते. शासकीय लिलावात मात्र बोली बहुधा वरिष्ठांच्या मंजुरीच्या अटीवर स्वीकारली जाते. अशी मंजुरी मिळेपर्यंत करार अस्तित्वात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील जंगलातील बांबूच्या लिलावासंबंधीच्या हरिद्वार सिंग खटल्यात (१९७२) ठरविले. सर्वोच्च बोली बोलणाऱ्यास ती स्वीकारलीच पाहिजे, असा हक्क नसतो.

या विषयातील महत्त्वाचा निर्णय सिंद्री येथील खत कारखान्याचा होय. तेथील निकामी ठरविलेली यंत्रसामग्री भारतीय खत निगमाने निविदा मागवून विकावयास काढली, तेव्हा कामगारांच्या संघटनेने अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. विक्री मनमानी असून तिच्यामुळे आपला रोजगार जाईल, असे तिचे म्हणणे होते. १९८० मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने अर्ज फेटाळला. व्यवसाय करण्याचा मूलभूत हक्क म्हणजे विशिष्ट नोकरीत राहण्याचा हक्क नव्हे, असे पीठाने म्हटले. तथापि सार्वजनिक मालमत्तेची उधळपट्टी होत असेल, तर तिच्याशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या लोकांना तक्रारीचा अधिकारच नाही असे म्हणणे कठीण आहे, असेही त्याने नमूद केले. कामगार खटला हरले. पण पुढील जनहित याचिकांना याच निर्णयाने मोठा आधार दिला.

किंमत पुरेशी आहे किंवा नाही हे न्यायालय सहसा स्वतः ठरवीत नाही. राम अँड श्याम कंपनी वि. हरयाणा राज्य (१९८५) हा याला लक्षणीय अपवाद. गौण खनिजाच्या खाणपट्ट्याच्या लिलावातील सर्वोच्च बोली अपुरी म्हणून नाकारण्यात आली आणि नंतर मुख्यमंत्र्यांकडे परस्पर पत्र पाठविणाऱ्या दुसऱ्या इसमास वार्षिक साडेचार लाख रुपयांस पट्टा देण्यात आला. पहिल्या बोलीदारास रक्कम वाढविण्याची संधीच मिळाली नव्हती. न्यायालयाने दोघांना आपल्या समक्ष बोली लावू दिली, तेव्हा आकडा वार्षिक २५ लाखांपर्यंत गेला. हा व्यवहार विक्रीचा नसला, तरी गुप्तपणे ठरविलेल्या किंमतीतील नुकसान त्यातून जितके उघड झाले, तितके दीर्घ विवेचनानेही झाले नसते.

लिलाव हा सर्वसाधारण नियम असला तरी तो अटळ नाही, असे कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयाची जमीन हॉटेलसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या प्रकरणात (१९८७) सांगण्यात आले. नैसर्गिक संपत्तीच्या वाटपासंबंधी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर २०१२ मध्ये दिलेल्या मतातही लिलाव ही संविधानाची सक्ती नसल्याचे म्हटले आहे. मात्र अन्य मार्ग पत्करल्यास तो न्याय्य, पारदर्शक व लोकहिताचा असावा लागतो.