जव्हार

जव्हार : महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील एक गिरिस्थान, याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आणि १९४८ पर्यंतच्या जव्हार संस्थानाची राजधानी. लोकसंख्या सु. १२,००० (२०११). हे मुंबईच्या ईशान्येस सु. १४५ किमी. व नासिकच्या पश्चिमेस सु. ८० किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी. उंचीवर वसले आहे. येथे १९१८ पासून नगरपालिका आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर त्यात समाविष्ट झाला.

जव्हार व त्याला पूर्वेकडून लागून असलेला मोखाडा हे दोन तालुके मिळून सह्याद्रीच्या पश्चिम उताराचा एक तुटक, दऱ्याखोऱ्यांचा पठारी प्रदेश बनतो. मोखाडा, खोडाळा, पोशेरा, सूर्यमाळ ही गावे याच उंचवट्यावर आहेत. दक्षिणेकडील पाणी पिंजाळ व वैतरणा या नद्यांना, तर उत्तरेकडील पाणी वाघ व लेंडी या नद्यांवाटे दमणगंगेस मिळते. उंचीच्या दृष्टीने माथेरान किंवा महाबळेश्वर यांच्याशी जव्हारची तुलना होऊ शकत नाही. येथील हवा थंड म्हणावयाची ती खालच्या किनारपट्टीच्या मानाने. चैत्र-वैशाखात पठारही चांगलेच तापते. माथेरानचा शोध १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी लावला व इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीतून ते गिरिस्थान वाढले. जव्हार मात्र कोणी शोधून काढले नाही. ते एका आदिवासी राजवंशाचे राहते गाव होते आणि त्याचे रूप आजही गिरिस्थानापेक्षा जुन्या संस्थानी गावाचेच अधिक आहे.

परंपरेप्रमाणे चौदाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत या प्रदेशावर वारली प्रमुखाची सत्ता होती. महादेव कोळी जमातीतील जयबा मुकणे याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि ती मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी सगळा मुलूख वेढला, अशी कथा सांगितली जाते. कार्थेज नगरी वसविणाऱ्या डायडो राणीविषयी भूमध्य समुद्राच्या काठी हीच कथा प्रचलित होती. कथा खरी मानण्याचे कारण नाही. पण जमीन हातची कशी गेली याची एक आठवण तीत आहे. जयबाचा मुलगा नेमशाह यास दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने १३४३ मध्ये राजा म्हणून मान्यता दिली. त्या वेळी बावीस किल्ले या घराण्याकडे होते असे म्हणतात. १६६४ मध्ये सुरतेवर चालून जाताना छत्रपती शिवाजी महाराजांनी येथे मुक्काम केला व राजा विक्रमशाह याची भेट घेतली. या भेटीत शिरपेच अर्पण केल्याची आठवण शिरपामाळ या स्थळनामात टिकून आहे. हे सख्य मात्र अल्पकाळ टिकले. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतले. पुढे पेशव्यांच्या व इंग्रजांच्या काळात संस्थानाचा विस्तार आकसत गेला व विसाव्या शतकाच्या आरंभी ते ३१० चौ. मैल (सु. ८०० चौ. किमी.) एवढे उरले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात वायुदलात काम केले आणि १९६२ मध्ये ते भिवंडी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांनी बांधविलेला जयविलास राजवाडा गावाजवळच्या टेकडीवर झाडीत उभा असून जव्हारला येणारा प्रवासी बहुधा प्रथम तेथेच जातो.

आल्प्स पर्वतातील शामॉनी किंवा झेरमाट यांसारख्या गावांचे वर्ष बर्फावर चालते : हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याचे खेळ, तर बर्फ वितळल्यावर पदभ्रमण व गिरिभ्रमण, त्यामुळे अशा गावांना बारमाही उत्पन्न मिळते. जव्हारचे वर्ष पावसावर चालते. येथे वर्षाकाठी सरासरी २५० सेंमी. हून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात प्रत्येक घळीतून पाणी वाहू लागते, दऱ्या धुक्याने भरतात आणि मुंबई, ठाणे व नासिक येथून पर्यटकांची रीघ लागते. जव्हारच्या उत्तरेस लेंडी नदीवरील दाभोसा धबधबा (उंची सु. ९० मी.) हा सर्वांत प्रसिद्ध असून पावसाळा सरल्यानंतरही काही महिने तो पाहण्याजोगा असतो. काळमांडवी व हिरडपाडा येथील धबधब्यांकडेही पुष्कळ लोक जातात. या धबधब्यांखालील डोह खोल असून खडक निसरडे असतात. जुलै २०२० मध्ये काळमांडवी येथे पाच तरुण बुडून मृत्युमुखी पडले. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. हनुमान पॉइंट व सनसेट पॉइंट येथून दऱ्यांचे दूरवर दर्शन घडते. भूपतगड व मोखाड्याकडील सूर्यमाळ, तसेच खोडाळ्याजवळील देवबांध येथील गणेशमंदिर ही स्थळे या ऋतूत पाहणे सोयीचे असते. दसऱ्याचा संस्थानी सोहळा व त्याच सुमारास भरणारा सदरुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याचा उरूस या वेळी गावात मोठी गर्दी लोटते.

पर्यटकांचे वर्ष व रहिवाशांचे वर्ष यांचा मेळ मात्र बसत नाही. दोन्ही तालुक्यांतील नऊ-दशांशाहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर व कातकरी हे प्रमुख होत. उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण पसरून जमिनीवर राब भाजायचा, पाऊस पडताच त्यावर रोपे करायची आणि ती उतारावरील शेतात लावायची, ही येथील शेतीची रीत आहे. नागली, वरई, भात, उडीद व खुरासणी ही पिके दिवाळीपर्यंत घरात येतात. त्यानंतर पठारावर काम उरत नाही. बेसॉल्ट खडकाच्या उतारावरून पाणी वाहून जाते, जमिनीत फारसे मुरत नाही. सिंचन अत्यल्प आहे. म्हणून दिवाळीनंतर घरांना कडी लावून कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, ठाणे या भागांतील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. होळीसाठी ती परत येतात, सण करतात, आणि पुष्कळदा पुन्हा जाऊन मृगाच्या तोंडावर कायमची परततात. मुलांची शाळा या येण्याजाण्यात तुटते.

पाण्याची कथा याहून विलक्षण आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या वैतरणेवरील धरणांपैकी मोडकसागर १९५७ मध्ये व ऊर्ध्व वैतरणा १९७३ मध्ये पुरे झाले. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथील, शंभर मीटरांहून अधिक उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१४ पासून उपयोगात आले. ज्या तालुक्यात हे धरण आहे त्यातील अनेक पाड्यांना फेब्रुवारी-मार्चपासून टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. विहिरीच्या तळाशी झऱ्यातून वाटीवाटीने जमणारे पाणी भरून घेण्यासाठी बायका रात्री जागतात. धरणे खोल दरीत आहेत आणि वस्त्या वर माथ्यावर, हे त्याचे भौगोलिक कारण खरे. पण तेच पाणी शंभर किलोमीटरांहून दूर नेता येते हेही तितकेच खरे आहे. दमणगंगा–पिंजाळ नदीजोड योजनेतील पाणीही मुंबईसाठीच योजिलेले आहे.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषण व रोगराई यांमुळे मोठ्या प्रमाणावर बालके दगावली. या घटनेने जव्हारचे नाव राज्यभर, पण गिरिस्थान म्हणून नव्हे, तर एका वेगळ्याच कारणाने पोहोचले. त्यानंतर शासनाने येथे अपर जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय सुरू केले. तरी बालमृत्यू पूर्णपणे थांबले नाहीत. आजार विकोपाला गेलेल्या रुग्णास पाड्यावरून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागण्याचे प्रसंग अद्यापि घडतात. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय हे या भागातील प्रमुख रुग्णालय होय.

उतारावर आंबा व काजू यांच्या वाड्या लावण्याचा उपक्रम ‘बायफ’ या संस्थेने नेटाने राबविला. मोगऱ्याची लागवड त्यामानाने अलीकडची असून तिची फुले मुंबईच्या बाजारात जातात. फळझाड असो की फूलझाड, घराजवळ उत्पन्न मिळू लागले की त्या कुटुंबाचे स्थलांतर कमी होते, असा अनुभव आहे. पर्यटनाने मात्र अद्याप एवढे साधलेले नाही. बहुतेक पर्यटक धबधबा पाहून त्याच दिवशी परततात व त्यांचा खर्च रस्त्यावरील खाद्यगृहांपलीकडे फारसा पोहोचत नाही.

ज्या गोष्टींसाठी जव्हारला आवर्जून यावे त्या धबधब्यांच्या मोसमात दिसतच नाहीत. वारली चित्रे मुळात लग्नाची होत. कुडाच्या भिंतीवर गेरूचा लेप देऊन, तांदळाच्या पिठाने सुवासिनी देवचौक रेखतात व त्यात पालघट देवीची स्थापना होते. हा चौक पूर्ण झाल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर आली व डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्यामुळे परदेशी पोहोचली. वाळलेला भोपळा, बांबू व ताडाची पाने यांपासून केलेल्या तारप्याच्या सुरावर, वादकाभोवती वेटोळे घेत चालणारा नाच भाताच्या कापणीनंतरच्या रात्री रंगतो. बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होळीनंतर, स्थलांतरित माणसे गावी आलेली असताना होतो. मोखाड्याचा बोहाडा त्यांत विशेष गाजलेला आहे. संबळ व सनईच्या तालावर, मशालींच्या उजेडात गणपती, शारदा, नरसिंह, भीम, रावण, वेताळ अशी सोंगे रात्रभर एकामागून एक येऊन नाचतात. कोणते सोंग कोणत्या घराचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. ते चुकू नये म्हणून वीटभट्टीवरून उचल घेऊन येणारा माणूस त्या रात्री जड मुखवटा चढवून देव होतो. अखेरच्या दिवशी जगदंबेचे सोंग निघते, तिचे महिषासुराशी युद्ध होते आणि पहाटेस उत्सव संपतो.