विकिपीडिया : कोण लिहितं, कोण तपासतं?

- सुरुवात : इंग्रजी आवृत्ती १५ जानेवारी २००१, संस्थापक जिमी वेल्स आणि लॅरी सँगर. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून.
- चालक : विकिमीडिया फाउंडेशन, ना-नफा संस्था (स्थापना २००३). खर्च मुख्यतः देणग्यांतून, जाहिराती नाहीत.
- लेखक : स्वयंसेवक. बहुतेक लेख कुणालाही संपादित करता येतात.
- मूळ नियम : तटस्थ मांडणी. विश्वासार्ह प्रकाशित स्रोतांवरून पडताळता येईल अशीच माहिती. स्वतःचं नवं संशोधन नाही.
- ‘इतिहास’ : प्रत्येक बदलाची तारीख, वेळ आणि संपादक यांची नोंद. चुकीचा बदल उलटवून आधीची आवृत्ती परत आणता येते.
- ‘चर्चा’ : लेखाला जोडलेलं पान, मजकुरावरचे मतभेद इथे मांडले जातात.
- ‘संदर्भ हवा’ : आधार न दिलेल्या विधानापुढे लागणारी खूण.
- प्रचालक : पान सुरक्षित करणं, वगळणं, उत्पात करणाऱ्यांना रोखणं हे अधिकार असलेले स्वयंसेवक.
- सांगकामे : ठरावीक दुरुस्त्या आपोआप करणारे प्रोग्राम. काही खोडसाळ बदलही हेरतात.
- मराठी विश्वकोशाशी फरक : विश्वकोश हा राज्य शासनाचा प्रकल्प, तज्ज्ञांच्या नोंदी संपादकीय तपासणीनंतर प्रसिद्ध होतात. विकिपीडियावर बदल सहसा लगेच दिसतो; तपासणी नंतर, सतत चालू.