बाळाची छाती भरते तेव्हा

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. फराळाचे डबे भरून झाले होते, पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी उटणे काढून ठेवले होते, आणि माजघरात भाचीचा दीड वर्षाचा मुलगा खोकत होता. दोन दिवस नुसते नाक वाहत होते. त्या रात्री मात्र छातीत घुरघुर सुरू झाली.

अशा वेळी घरोघरी जे होते तेच आमच्याकडेही झाले. आई म्हणाली, "कापूर घालून तेल चोळा." शेजारच्या काकूंनी नातवाची उरलेली खोकल्याची बाटली आणून दिली. "एक चमचा द्या, पहाटेपर्यंत हूं की चूं नाही." भाचीने माझ्याकडे पाहिले. "मामा, देऊ का?"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ढास, उबळ, ठसका, डांग्या खोकला. खोकल्याला आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. लहान मुलांच्या न्यूमोनियाला तर खेड्यापाड्यांतून 'डबा' असे नावच आहे. पण त्या घटकेला ही सारी शब्दसंपत्ती कवडीमोल होती. मी एका बालरोगतज्ज्ञ मित्राला फोन केला.

"आधी ती बाटली खाली ठेव," तो म्हणाला. "बाळ रडत नसताना त्याचा सदरा वर कर, आणि घड्याळ लावून पुरे एक मिनिट श्वास मोज."

मोजले. बावन्न! शिवाय प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. "मग आता थांबू नकोस. निघ!" मित्र म्हणाला. तो न्यूमोनियाच होता. प्राणवायू लावावा लागला, औषधे सुरू झाली, आणि बाळाचे अभ्यंगस्नान झाले ते भाऊबीजेला.

वाचकहो, त्या बाटलीने बाळ झोपले असते आणि आम्हीही समाधानाने झोपलो असतो, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

पुढे मित्राने मला समजावून सांगितले ते असे. खोकला हा शत्रू नव्हे, पहारेकरी आहे. श्वासमार्गातला कफ तोच बाहेर लोटतो. लहान मुलांचे बहुतेक सर्दी-खोकले विषाणूंमुळे होतात आणि आपोआप बरे होतात. खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. अशा सर्दीवर प्रतिजैविकांचा काही उपयोग नसतो. खोकल्याच्या पातळ औषधांचा लहानग्यांना फायदा जवळजवळ नाही, धोका मात्र आहे. दोन वर्षांच्या आतील मुलांना ती देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असे केंद्र सरकारच्या आरोग्य विभागाने २०२५ साली बजावले. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात दूषित औषधाने वीसहून अधिक बालके दगावली होती. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष होते. याच विषाने १९८६ साली मुंबईतही बळी घेतले होते.

मग घरी करायचे तरी काय? अंगावरचे दूध किंवा कोमट पातळ पदार्थ थोडेथोडे, पण वारंवार द्यावेत. चोंदलेल्या नाकात औषधांच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. वर्ष उलटलेल्या मुलाला अर्धा चमचा मध द्यायला हरकत नाही. वर्षाच्या आत मात्र मधाचे बोटही लावू नये, कारण त्यातून बोटुलिझम हा जिवघेणा आजार होऊ शकतो. कापूर पोटात गेल्यास बाळाला झटके येतात, म्हणून तो दूरच बरा. उकळत्या पाण्याचा वाफारा म्हणजे भाजण्याची भीती. आणि धुरी, उदबत्ती, विडी, फटाके या साऱ्यांचा धूर बाळापासून लांब ठेवावा.

खरी विद्या आहे ती श्वास मोजण्याची. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ, वर्षाच्या आत पन्नास आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस. श्वास इतके किंवा याहून जास्त भरले, तर डॉक्टर गाठावा. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ पीत नसेल, मलूल पडले असेल किंवा झटके आले, तर उजाडण्याची वाट पाहू नये.

ही विद्या शिकलेल्यांचीच मिरास आहे असे मात्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवले. निरक्षर सुइणींना मोजता यावे म्हणून त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधन बनवले. या उपायाने न्यूमोनियाचे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जे काम गडचिरोलीच्या सुइणी करीत होत्या, ते मला, दोन पदव्या घेतलेल्या माणसाला, चाळिशी उलटल्यावर शिकावे लागले!

आमची आई आता घड्याळ उशाशी घेऊन झोपते. परवा पणतू पुन्हा खोकला, तेव्हा ती पदर सावरून त्याच्यापाशी बसली आणि हलक्या आवाजात मोजू लागली. अठ्ठावीस भरले. "झोपा आता," ती म्हणाली, "नुसती सर्दी आहे."