मेरिट आल्यानंतर

"पोरगी युनिव्हर्सिटीत मेरिट आली," एवढं कळलं की घाटंजीत पेढे वाटले जातात. हा मान गावापर्यंत यायला मात्र बराच काळ लागला.

१९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं आणि पुढची साठ वर्षं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पदवीधरांची गुणवत्ता यादी तिथूनच लागली. सुरुवातीच्या काळात मॅट्रिकनंतर शिकायचं तर गाव सोडायचं, शहरात खोली करायची, डबा लावायचा. कापसाच्या पैशावर हे फार थोड्यांना झेपायचं. मुलींचा तर विषयच निघत नसे. कितीतरी हुशार पोरं परीक्षेला बसण्याआधीच यादीबाहेर गेली.

१ मे १९८३ला अमरावती विद्यापीठ वेगळं झालं. गावातल्या गिलानी महाविद्यालयामुळे पदवीही घरी राहून करता येऊ लागली. सकाळच्या एसटीने खेड्यावरून येऊन, दुपारी परत जाऊन कापूस वेचणाऱ्या मुलीलाही यादीत येण्याची आशा धरता आली. माझ्या लेखी या सगळ्या काळातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

सोहळा अजून तोच आहे. पेपरात पासपोर्ट फोटो, शाल-श्रीफळ, दोन भाषणं. दीक्षान्त समारंभातलं सुवर्णपदक त्या विषयात पहिल्या आलेल्याला. बहुतेकदा ते कुणाच्या तरी आईवडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेलं असतं. त्यानंतर मेरिट आलेल्या मुलीला कुणी बोलावत नाही.

मान असा एका दिवसात संपायलाच हवा असं नाही. अमेरिकेत १७७६ साली स्थापन झालेल्या फाय बीटा कप्पा या गुणवंतांच्या संस्थेत निवड झालेला विद्यार्थी आयुष्यभराचा सभासद होतो. आपल्याकडे तर मानाला कामही जोडलेलं होतं. पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. इंग्रजी अमलात त्याच निधीतून पुढे दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे हे असेच फेलो. हुशार पदवीधराने पुढे शिकावं आणि मागच्यांना शिकवावं, अशी ती सोय होती.

घाटंजीत हे आजही जमेल. दिवाळीला गावी आलेल्या मेरिटवाल्यांना महाविद्यालयाने एका दुपारी बोलवावं. कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांना शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, वसतिगृहासाठी कुठे जायचं, उत्तरपत्रिका कशी लिहायची, हे या मेरिटवाल्यांइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार?