टी-पेशी पोचतात, पण ब्रेक लागलेला असतो

मामाला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज आला: "प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा सुरू करा." मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण रिपोर्टमधला 'पीडी-एल१' हा शब्द डोक्यातून जाईना, म्हणून वाचत बसलो.

तर गंमत अशी आहे, की गाठीत टी-पेशी बऱ्याचदा पोचलेल्या असतात. कॅन्सरला मारायची ताकदही त्यांच्यात असते. पण त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, आपल्याच शरीरावर त्यांनी तुटून पडू नये म्हणून. कॅन्सरची पेशी पीडी-एल१ पुढे करते, ब्रेक दाबला जातो, टी-पेशी गप्प! वर नियामक टी-पेशी आणि काही मॅक्रोफेज, म्हणजे आपलीच माणसं, उलट गाठीला सांभाळून घेतात. मग नुसती फौज वाढवून काय होणार?

निवोलुमॅब हे औषध पीडी-१ला चिकटतं आणि ब्रेक दाबू देत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चेकमेट ५७७ चाचणीत केमो-रेडिएशन घेऊनही काढलेल्या भागात कॅन्सर उरलेला सापडला, असे रुग्ण होते. ऑपरेशननंतर आजार न उलटता गेलेला मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत २२.४ महिने, प्लासिबोवर ११. जवळपास दुप्पट! अर्थात सगळ्यांना गुण येतो असं नाही. ब्रेक सुटला की टी-पेशी कधीकधी फुप्फुसं, आतडी, थायरॉईड यांच्यावरही धावून जातात.

मामाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. काढ्याची बाटली डॉक्टरांना दाखवायला पिशवीत ठेवलीय.