मोटारीचा जीर्णोद्धार : आधीं दोषनाश, मग रंग

जुन्या वस्तूंचा सांभाळ करणें हा आपल्या कुटुंबांचा जुनाच गुण आहे. कल्हई करकरून भांडीं तीन पिढ्या वापरणाऱ्या घरांतून मोटारहि एकाएकीं मोडींत निघत नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली व १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें ओळखली गेलेली फियाट गाडी हें याचें ठळक उदाहरण होय. तिचें उत्पादन थांबून सुमारें दोन तपें लोटलीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या टॅक्सींतूनहि ती निवृत्त झाली. तरी वडिलांची आठवण म्हणून ती अजून कित्येकांच्या अंगणांत उभी आहे.

अशा गाडीचीं चाकें गंजलेलीं व रंग उडालेला पाहून ‘एकदां रंग देऊन घेऊं’ असें मंडळींस वाटणें साहजिक आहे. परंतु शास्त्रकारांनीं संस्काराचे दोन प्रकार मानिले आहेत : दोषापनयन आणि गुणाधान. भांड्याचा मळ घासून काढणें हा पहिला. त्यास कल्हई चढविणें हा दुसरा. पहिला टाळून दुसरा केला कीं संस्काराचें केवळ सोंग होतें, आणि मोटारीच्या बाबतींत तें सोंग जिवावर बेततें.

प्रथम चाकें घ्यावीं, कारण सारा भार त्यांच्यावर. तीं पोलादी पत्र्याचीं असतात. टायर उतरवून चाक धुवावें आणि तारेच्या ब्रशानें व ८० नंबरच्या पॉलिशपेपरानें गंज उघड्या लोखंडापर्यंत खरवडावा. गंज म्हणजे नुसती घाण नव्हे. लोखंड, पाणी व प्राणवायु यांच्या संयोगानें तो होतो आणि मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. म्हणून वरचा रंग फुगून सुटतो, आणि गंजावर चढविलेल्या नव्या रंगाचीहि तीच गत होते. चाक स्वच्छ झालें कीं बोल्टांच्या भोकांभोंवतीं, तसेंच मधली तबकडी रिमास जेथें जोडलेली असते तेथें, बारकाईनें पाहावें. केसाएवढीहि भेग असेल, भोकें लांबट झालीं असतील किंवा पत्रा पातळ झाला असेल, तर तें चाक रंगवूं नये, वेल्डिंग करून पुन्हां चढवूंहि नये; सरळ मोडींत काढावें. चंदेरी रंगाखालीं झांकलेली भेग कोणासहि दिसत नाहीं. ती कळते ती धांवत्या गाडीचें चाक फुटल्यावर, आणि त्या वेळीं आंत आपलींच मुलेंबाळें बसलेलीं असतात.

निर्दोष चाकास गंजरोधक प्रायमराचे दोन व चंदेरी रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावे. चाक जेथें हबास टेकतें व बोल्ट बसतात तेथें जाड थर राहूं देऊं नये. तो दाबानें चेपतो आणि बोल्ट ढिले पडतात. गाडी ५०-१०० किलोमीटर चालल्यावर बोल्ट एकवार पुन्हां आवळावे.

गाडीच्या अंगासहि हाच न्याय. फिका पडलेला रंग मेलेला असतोच असें नाहीं. धुऊन रबिंग कंपाउंडानें हलकेच घासल्यास करपलेला पापुद्रा निघतो व खालचा रंग उजळतो. फोड आले असतील तेथें मात्र पत्र्यापर्यंत जावें. या गाडीस निराळी चॅसी नाहीं. पत्र्याचें अंगच भार वाहतें. म्हणून दारांखालचा पट्टा व तळ अवश्य तपासावा. तेथें पत्रा कुजला असल्यास तो कापून नवा जोडावा. पुट्टी ही किरकोळ खळगे भरण्यासाठीं आहे, पत्र्याच्या जागीं बसविण्यासाठीं नव्हे.

काळाचेंहि भान ठेवावें. जुन्या पद्धतीचा ड्युको रंग दमट हवेंत दुधाळ पडतो. म्हणून पावसाळा टाळावा. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यानें तो कोरडा न घासतां पाणी लावून घासावा व मुलांना दूर ठेवावें. हार्डनर घालून फवारण्याच्या हल्लींच्या रंगांत बहुधा आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांनीं दमा जडतो, आणि तोंडास रुमाल बांधून भागत नाहीं. हें काम घराच्या अंगणांत करवूं नये. रंगाऱ्यापाशीं योग्य श्वसनसाधन आहे कीं नाहीं, हें विचारणेंहि आपलें कर्तव्य आहे. आपल्या गाडीच्या शोभेसाठीं त्याची छाती कां झिजावी? मूळचा रंग बदलावयाचा असल्यास परिवहन कार्यालयांत त्याची रीतसर नोंद करून घ्यावी.

मिस्त्रीस ‘रंग किती चकाकेल?’ असें विचारण्याऐवजीं, ‘रंग देण्यापूर्वीं उघडें लोखंड मला दाखवाल काय?’ असें विचारावें. जो कारागीर तें आनंदानें दाखवील, त्याच्याच हातीं गाडी सोंपवावी.