‘भाऊ, 80 टक्के टायर आहे!’ म्हणजे नेमकं किती?

दिग्रसहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा इथे लिहून टाकतोय. गाडी चालवत असाल तर आत्ता वाचू नका, नंतर वाचा.

आजचा विषय आहे जुना टायर. आपल्याकडे पोरं सेकंडहँड गाडी घेतात, मग तिच्यासाठी सेकंडहँड टायर शोधतात. दुकानदार टायरवर थाप मारून सांगतो, “भाऊ, 80 टक्के टायर आहे, डोळे झाकून घे.” आता हे 80 टक्के कशाचे? फक्त वरच्या नक्षीचे. खाचा किती खोल उरल्या, एवढंच त्यातून कळतं. टायरचं आयुष्य किती उरलं, ते नाही.

हे समजायला टायरच्या आत शिरावं लागेल. कारचा टायर म्हणजे नुसतं रबर नसतं राजेहो. आत धाग्यांचा सांगाडा असतो. त्याच्यावर बारीक पोलादी तारांचे दोन पट्टे, आणि सगळ्यात वर आपल्याला दिसतं ते नक्षीचं रबर. हे सगळे थर रबरानेच एकमेकांना चिकटलेले असतात. ती पकड सुटली की वरचा थर पट्ट्यासकट सोलून निघतो. याला ट्रेड सेपरेशन म्हणतात. हायवेच्या कडेला काळ्या रबराच्या लांब पट्ट्या पडलेल्या दिसतात ना, त्या बहुतेक ट्रकच्या टायरच्या अशाच सुटलेल्या साली असतात.

पकड सुटते कशाने? मुख्य शत्रू उष्णता. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो आणि तापतो. त्यात जास्त माल भरला आणि वेग वाढवला, की ताप आणखी वाढतो. सगळ्यात जास्त ताण येतो पोलादी पट्ट्यांच्या कडांवर, आणि सुटायची सुरुवात तिथूनच होते. दुसरा शत्रू वय. हवेतला ऑक्सिजन हळूहळू रबराला कडक करतो. गाडी अंगणात नुसती उभी असली तरी हे काम चालूच असतं. तिसरा शत्रू नीट न बुजवलेलं पंक्चर. त्यातून ओल आत जाते, तारा गंजतात आणि रबर तारेला सोडतं.

जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाडीवर होते. चालत्या गाडीच्या टायरचं रबर सुटायचं आणि गाडी उलटायची. तिथल्या सरकारी यंत्रणेने याच्याशी जोडलेले 271 मृत्यू मोजले. अपघात जास्त झाले ते टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा तापणाऱ्या राज्यांत. आता आपला यवतमाळ जिल्हा आठवा. मे महिन्यात पारा 44 च्या वर, आणि रस्ता तर हवेपेक्षाही गरम.

आधी आपल्या गाड्या दारव्हा, पुसद, आर्णी एवढ्यात फिरायच्या. खड्डे इतके, की वेग आपोआप कमी. आता कारंजा लाडला गेलं की समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, तिथे कारला ताशी 120 ची मुभा आहे. गावात वर्षभर चाललेला टायर तिथे तासभर सलग तापतो, आणि आतली कमजोरी तेव्हाच बाहेर येते. म्हणूनच 2023 मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला आणि गोटा टायरवाल्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारू नका. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेड राजाजवळ खाजगी बस उलटून पेटली, 25 जण गेले. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं होतं. आरटीओच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. टायर काय झालं ते मागे सांगून जातो, फक्त बघणारा पाहिजे.

तर बघायचं काय?

पहिलं, जन्मतारीख. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतर लांब नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. हा नंबर एकाच बाजूला पूर्ण असू शकतो, म्हणून आतली बाजूही बघा. सहा वर्षांनंतर टायर बदला, असं बऱ्याच गाडी कंपन्या सांगतात. स्टेपनीचंही वय मोजा.

दुसरं, हात फिरवा. कुठे फुगा, उंचवटा किंवा बारीक भेगा लागल्या तर तो टायर नको. चालत्या गाडीत एका चाकातून धप-धप येऊ लागली आणि वेगासोबत वाढली, तर लगेच बाजूला घ्या.

तिसरं, आतून बघा. विकत घेण्याआधी टायर रिमवर चढलेला असेल तर उतरवायला सांगा. बाजूच्या भिंतीला पॅच असेल तर हात जोडा आणि निघा. काळ्या पॉलिशला भुलू नका. गोटा टायरला खाचा कापून नवा केलेला असेल तर तो अजिबात नको.

चौथं, खाचांमधला छोटा उंचवटा. तो नक्षीच्या बरोबरीला आला की टायर संपला. कायद्याने कारला किमान 1.6 मिलिमीटर खोली लागते.

आणि हवा? सकाळी टायर थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. गरम टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा काढू नका.

मला माहीत आहे, छोटा हत्ती चालवून घर चालवणाऱ्याला चार नवे टायर एकदम परवडत नाहीत. मग कारवाल्यांनो, दोन तरी नवे घ्या आणि ते मागच्या चाकांना लावा. मागची पकड सुटली की गाडी सावरत नाही. मालगाडीवाल्यांनो, टायर जुना असेल तोवर माल कमी भरा आणि समृद्धीवर जाऊ नका.

चालता चालता पट्टा सुटलाच, तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढा, वेग आपोआप उतरू द्या आणि मग कडेला या.

आज मोबाईलचा टॉर्च लावून आपल्या गाडीचे ते चार आकडे वाचा. घरच्यांना घेऊन निघायच्या आधी. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!